शिफ्ट बदलली, लॉगिन तेच: कारखान्याच्या सॉफ्टवेअरचं सेशन कसं तपासायचं

कापसाचा हंगाम सुरू झाला की जामनेर, बोदवड, पाचोऱ्याकडच्या जिनिंगमध्ये भुईकाट्याच्या केबिनमधला संगणक क्वचितच बंद होतो. सकाळी कुणीतरी लॉगिन करतं. दुपारी शिफ्ट बदलते, रात्री तिसराच माणूस बसतो, शेठचा पुतण्या मध्येच येऊन दिवसाची आवक पाहून जातो. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र दिवसभर एकच माणूस काम करत असतो, सकाळी लॉगिन केलेला. रावेर-यावलच्या केळीच्या ऑफिसात, जळगाव एमआयडीसीतल्या चटई-पाइपच्या कारखान्यात, डाळमिलमध्ये किंवा तालुक्याच्या पतसंस्थेत चित्र फारसं वेगळं नसतं.

पासवर्ड कसा असावा यावर सगळे बोलतात. पण लॉगिन अर्ध्या मिनिटात होऊन जातं. पुढचे आठ-दहा तास सॉफ्टवेअर तुम्हाला कशावरून ओळखतं, आणि तीच ओळख दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर काय, हे विचारणारे थोडे. ऑफिसात ‘कॉम्प्युटरचं बघणारा’ जो एक असतो, त्याच्यासाठी हा लेख आहे. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. ब्राउझर, एक वही आणि दोन मोकळ्या दुपारी पुरतील.

आधी सेशन म्हणजे काय ते. ब्राउझरने सर्व्हरकडे पाठवलेली प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. मागच्या क्लिकला काय झालं हे सर्व्हरला आपोआप आठवत नाही. म्हणून लॉगिन बरोबर झालं की सर्व्हर अक्षरं-आकड्यांचा एक लांबलचक क्रमांक देतो. ब्राउझर तो ‘कुकी’ नावाच्या छोट्या नोंदीत ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक क्लिकसोबत दाखवतो. ही कुकीची युक्ती १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मोंटुली यांनी काढली. जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाडीला टोकन मिळतं, तसंच हे. एकदा आत गेल्यावर काट्यावर आणि पेमेंटच्या खिडकीवर टोकन बघतात, चेहरा कुणी बघत नाही.

म्हणूनच ‘आमच्याकडे ओटीपी आहे’ हे उत्तर अपुरं पडतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिट्रिक्स कंपनीच्या नेटस्केलर या, बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये लॉगिन करून देणाऱ्या उपकरणातली एक त्रुटी जाहीर झाली. लोक तिला ‘सिट्रिक्स ब्लीड’ म्हणतात. बाहेरून खास घडवलेली मागणी पाठवली की उपकरण आपल्या मेमरीतले चालू सेशनचे क्रमांक ओकून टाकायचं. चोराला पासवर्ड लागत नव्हता आणि ओटीपीही लागत नव्हता, कारण ते दोन्ही खऱ्या माणसाने आधीच भरलेले होते. खरी मेख पुढे होती. कंपनीने दुरुस्ती दिली, लोकांनी ती बसवली, तरी आधी चोरलेले क्रमांक चालूच राहिले. दुरुस्ती बसवा आणि चालू असलेली सगळी सेशन्सही मारा, असं वेगळं सांगावं लागलं. बोइंगसारख्या कंपनीला याच वाटेने झळ बसली.

सुरुवातीला परवानगी

पुढच्या चाचण्या फक्त आपल्या मालकीच्या सॉफ्टवेअरवर करायच्या, आणि मालकाला व सॉफ्टवेअर देणाऱ्या वेंडरला ईमेल टाकून. दुसऱ्याच्या प्रणालीत विनापरवानगी शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘फक्त बघत होतो’ हा बचाव तिथे कामाचा नाही. वेंडरकडे चाचणीची वेगळी प्रत असेल तर ती मागा. नसेल तर ‘चाचणी’ नावाचा एक युजर उघडून घ्या. दिवसही जरा बघून निवडा. जीएसटीची विवरणपत्रं भरायची ११ तारीख आणि २० तारीख यांच्या तोंडावर मुनीमजींचा लॉगिन अडकवलात तर पुढच्या वर्षी कुणी तुम्हाला चाचणी करू देणार नाही.

पायरी १: दारं मोजा

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे जिथे जिथे लॉगिन होतं ती जागा, उजवीकडे ते लॉगिन कुणाकुणाला माहीत आहे. ईआरपी (खरेदी-विक्री-साठ्याचं एकत्र सॉफ्टवेअर), टॅली, काट्याचं सॉफ्टवेअर, ई-वे बिल, बँक हे लगेच सुचतील. विसरली जाणारी दारं दुसरीच असतात: कॅमेऱ्याचा डीव्हीआर, हजेरीचं अंगठ्याचं मशीन, राउटर आणि वेंडरने ‘सर्व्हिससाठी’ कायमस्वरूपी चालू ठेवलेलं एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचा संगणक चालवायचं सॉफ्टवेअर. एनीडेस्कला कायमचा पासवर्ड लावून ठेवला असेल तर वेंडरचा नोकरी सोडून गेलेला मुलगाही आज तुमच्या सर्व्हरवर बसू शकतो. तो पासवर्ड काढून टाका. काम निघेल तेव्हा इकडून कुणीतरी ‘स्वीकारा’ म्हणेल, एवढी अडचण सोसा.

या यादीत व्हॉट्सॲप वेबही घाला. बाजारभावाचे मेसेज, पावत्यांचे फोटो, बँकेचे तपशील सगळं तिथून जातं. फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा, विकून टाकलेल्या जुन्या संगणकाचं नाव अजून तिथे असू शकतं.

पायरी २: एक माणूस, एक लॉगिन

इथे सगळ्यात जास्त वाद होतो. काट्यावरच्या पोराला विचारा, पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे. उत्तर येतं, “तो तं सगळास्ले माहीत शे, भो.” आणि तो काही लपवून सांगत नाही, कारण त्यात कुणाला वावगंच वाटत नाही.

मालकाचं म्हणणंही अगदी चुकीचं नसतं. हंगामी माणसं येतात-जातात, प्रत्येकाला लॉगिन कुठे देत बसायचं? वेंडर युजरमागे पैसे घेतो, हेही खरं. पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही करून बघा. एका गाडीच्या वजनात रात्री दोन वाजता दुरुस्ती झाली. नोंदीत नाव ‘ॲडमिन’. शेतकरी भांडायला आला तर तुम्ही कुणाला विचारणार? कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करता येत नाही. नोंद चोख आणि प्रत्येक ओळीत नाव तेच ‘ॲडमिन’, अशी वही ऑडिटरपुढे ठेवून काय सिद्ध होणार?

यातून चालणारा मार्ग असा. हंगामी माणसाला स्वतःच्या नावाचं लॉगिन द्या, पण हक्क एका पडद्यापुरते: वजन घेणं आणि पावती छापणं. वजन बदलणं, पावती रद्द करणं हे हक्क काट्यावर ठेवूच नका. लॉगिन उघडतानाच संपण्याची तारीख घाला, हंगाम संपला की ते आपोआप मरेल. केबिनमध्ये दर वेळी लांब पासवर्ड टाकणं जमत नसेल तर त्या एकाच संगणकापुरता चालणारा सहा आकडी पिन मागून घ्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सोय असते, वेंडरने दाखवलेली नसते. ‘ॲडमिन’ हे लॉगिन रोजच्या कामाला वापरायचं नाही. त्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत.

ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर तर सरकारनेच हे काम सोपं केलंय. २०२५ च्या जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने आणि १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच तिथे ओटीपी लागतो. अनेक ठिकाणी तो शेठच्या मोबाइलवर येतो, शेठ लग्नात असतात, मग फोनवर ओटीपी विचारून घेतला जातो. एकदा ही सवय लागली की उद्या कुणीही ‘ऑफिसातून बोलतोय’ म्हणत ओटीपी मागेल आणि शेठ देतील. पोर्टलवर उप-युजर उघडता येतात, प्रत्येकाचा मोबाइल वेगळा. गाड्या लावणाऱ्या माणसाला त्याचं लॉगिन द्या.

पायरी ३: पासवर्डची परीक्षा

ही पायरी झटपट उरका. पाच गोष्टी बघायच्या.

वेंडरने पहिल्या दिवशी दिलेला पासवर्ड अजून चालतो का? गावाचं किंवा फर्मचं नाव, पुढे ‘@१२३’ असले पासवर्ड किती आहेत?

‘पासवर्ड विसरलात?’ दाबून बघा. मेसेजमध्ये तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा आला तर हातातलं काम सोडून वेंडरला फोन लावा. याचा अर्थ पासवर्ड उलट वाचता येईल अशा रीतीने साठवलाय. नीट बनवलेलं सॉफ्टवेअर आर्गॉन-टू किंवा बीक्रिप्टसारख्या पद्धतीने त्याचं न उलटणारं रूप ठेवतं, त्यामुळे तुमचा पासवर्ड त्यालाही सांगता येत नाही.

चुकीचं नाव टाकल्यावर ‘असा युजर नाही’ आणि चुकीचा पासवर्ड टाकल्यावर ‘पासवर्ड चुकला’ असे दोन निरोप येतात का? मग बाहेरचा माणूस नुसत्या निरोपांवरून तुमच्या युजरांची यादी बनवू शकतो. दोन्हीला एकच निरोप हवा.

दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाका. काहीच झालं नाही तर यंत्राने रात्रभर प्रयत्न करायला रान मोकळं आहे. उलट तीन चुकांत लॉगिन कायमचं बंद होत असेल तर तेही गैरसोयीचं. कुणीही खोडसाळपणे मुनीमजींना २० तारखेला बाहेर बसवेल. दर चुकीला थांबण्याचा वेळ वाढत जाणं हे माझ्या मते सगळ्यात बरं.

आणि दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती असेल तर ती काढा. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ सालीच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. माणसं शेवटचा आकडा तेवढा बदलतात, किंवा पासवर्ड मॉनिटरला चिकटवतात. त्यापेक्षा लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द सलग लिहिले तर पंधरा अक्षरं सहज होतात आणि लक्षातही राहतात. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र लगेच बदलायचा.

पायरी ४: कुकी उघडून बघा

आता मुख्य काम. क्रोममध्ये सॉफ्टवेअर उघडा, चाचणीच्या युजरने लॉगिन करा, एफ-१२ कळ दाबा. उघडलेल्या पट्टीत ‘ॲप्लिकेशन’ निवडा. फायरफॉक्समध्ये तेच ‘स्टोरेज’ नावाने असतं. डावीकडे ‘कुकीज’ आणि त्याखाली तुमच्या सर्व्हरचा पत्ता. उजवीकडे तक्ता दिसेल. ज्या नावात ‘सेशन’, ‘ऑथ’ किंवा ‘टोकन’ असं काही असेल ती ओळ आपल्या कामाची. खात्री करायची तर ती ओळ पुसून पान ताजं करा. लॉगिनचं पान आलं तर तीच कुकी. मग पुन्हा लॉगिन करून त्या ओळीतले तीन रकाने तपासा.

‘एचटीटीपी-ओन्ली’ समोर खूण हवी. ती असली की पानावर चालणाऱ्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. समजा, मालाच्या वर्णनाच्या रकान्यात कुणी मजकुराऐवजी छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला आणि सॉफ्टवेअरने तो न गाळता पडद्यावर चालवला, तरी निदान सेशनचा क्रमांक बाहेर जाणार नाही.

‘सेमसाइट’ रकान्यात ‘लॅक्स’ किंवा ‘स्ट्रिक्ट’ हवं. नाहीतर दुसऱ्या एखाद्या वेबसाइटवरची लपवलेली लिंक तुमच्या चालू सेशनचा फायदा घेऊन तुमच्या नकळत सॉफ्टवेअरला हुकूम देऊ शकते. क्रोमने २०२० पासून रकाना रिकामा असेल तर ‘लॅक्स’ धरायला सुरुवात केली. पण दुसऱ्याच्या कृपेवर राहण्यापेक्षा वेंडरने ते स्पष्ट लिहिलेलं बरं.

तिसरा रकाना ‘सिक्युअर’, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच दिसतो. ही खूण असलेली कुकी फक्त एचटीटीपीएसवरून, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणाऱ्या जोडणीवरून जाते. पण एमआयडीसीतल्या कित्येक कारखान्यांत सर्व्हर ऑफिसातच, टेबलाखाली असतो आणि पत्ता साधा एचटीटीपीचा, एकशे ब्याण्णवने सुरू होणारा. ‘आपल्या आपल्यात तर आहे’ म्हणून. आता त्याच वायफायचा पासवर्ड ट्रकवाल्यांना, कॅमेऱ्यावाल्याला आणि शेठच्या पाहुण्यांना दिलाय का, ते आठवा. २०१० साली एरिक बटलर या प्रोग्रॅमरने फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक जोड-साधन जाहीरपणे वाटलं होतं. उघड्या वायफायवर बसून शेजारच्या माणसाचं फेसबुकचं चालू सेशन दोन क्लिकांत उचलता येतं, हे त्याने सगळ्यांना दाखवून दिलं. मोठ्या वेबसाइट्स त्यानंतर हळूहळू पूर्ण एचटीटीपीएसवर गेल्या. ऑफिसातले सर्व्हर मागेच राहिले.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. पाहुण्यांचं वायफाय वेगळं. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतंच. आणि सर्व्हरवर त्याची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र बसवून एचटीटीपीएस चालू करणं. वेंडर म्हणेल, लोकल सर्व्हरला ते जमत नाही. जमतं. स्वतःचं डोमेन असेल तर त्याचं प्रमाणपत्र मोफतही मिळतं आणि ते आतल्या पत्त्यावर वापरता येतं.

एक गोष्ट या तीनही खुणांनी थांबत नाही. संगणकातच चोर-प्रोग्रॅम बसला असेल तर तो ब्राउझरने साठवलेल्या कुकी थेट उचलतो. असे प्रोग्रॅम फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरमधून येतात. मुनीमजींच्या संगणकावर क्रॅक केलेलं ऑफिस असेल तर ही सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

पायरी ५: सेशन खरंच मरतं का

एवढ्या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

पहिली चाचणी लॉगिनच्या आधीची. लॉगिनचं पान उघडा, अजून नाव-पासवर्ड टाकू नका. सेशनच्या कुकीची किंमत, म्हणजे तो लांबलचक क्रमांक, नोटपॅडमध्ये उतरवा. मग लॉगिन करा आणि पुन्हा बघा. क्रमांक बदलला पाहिजे. तोच राहिला तर काट्यावरच्या सामाईक संगणकावर कुणीही आधी क्रमांक लिहून घेईल, तुम्ही लॉगिन करायची वाट पाहील आणि दुसरीकडून तोच क्रमांक वापरून तुमच्या नावाने आत येईल. याची दुरुस्ती सहसा छोटी असते. सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं असेल तर एका ओळीची. त्यामुळे वेंडरने दोन महिने मागितले तर भुवया उंचावा.

दुसरी चाचणी लॉगआउटची. लॉगिन असताना क्रमांक उतरवा, आतल्या एखाद्या पानाचा, समजा खातेवहीचा, पत्ताही उतरवा. आता रीतसर लॉगआउट करा. मग ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, लॉगिनचं पान आणा, एफ-१२ दाबून कुकीच्या किमतीवर दोनदा क्लिक करा आणि जुना क्रमांक चिकटवा. तिथे कुकीच नसेल तर त्याच नावाची नवी ओळ टाइप करा. वर पत्त्याच्या पट्टीत खातेवहीचा पत्ता टाका. लॉगिनचं पान आलं तर ठीक. खातेवही उघडली तर तुमचं लॉगआउटचं बटण नुसतं शोभेचं आहे. त्याने ब्राउझरमधली कुकी पुसली, सर्व्हरच्या लेखी सेशन अजून जिवंत आहे.

असं होण्यामागे दर वेळी आळस नसतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी डॉट नेटच्या ‘फॉर्म्स ऑथेंटिकेशन’वर बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगआउटचा हुकूम मुळातच फक्त ब्राउझरमधली कुकी काढतो; त्यातलं तिकीट मुदत संपेपर्यंत चालतं. मोबाइल ॲपमध्ये वापरलं जाणारं जेडब्ल्यूटी टोकनही तसंच, सर्व्हरने डिजिटल सही करून दिलं की मुदतीपर्यंत ग्राह्य. तोड अशी की सर्व्हरने स्वतःकडे रद्द केलेल्या टोकनांची यादी ठेवावी, किंवा टोकनाची मुदतच दहा-पंधरा मिनिटांची ठेवून ते मागे नूतन करत राहावं. जेडब्ल्यूटी वापरत असाल तर वेंडरला आणखी एक विचारा: सहीचा प्रकार ‘नन’ असं लिहिलेलं टोकन सर्व्हर स्वीकारतो का? २०१५ मध्ये अनेक तयार लायब्रऱ्यांत (प्रोग्रॅमर वापरतात त्या आयत्या कोडच्या संचांत) नेमकी हीच चूक सापडली होती, बिनसहीचा कागद खरा मानण्याची.

तिसरी चाचणी दोन ब्राउझरांची. एकाच युजरने क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये लॉगिन करा. क्रोममध्ये पासवर्ड बदला. फायरफॉक्समधलं सेशन बाहेर फेकलं गेलं पाहिजे. तसं होत नसेल तर चोर आत बसलेला असताना तुम्ही कितीही पासवर्ड बदला, त्याला फरक पडत नाही.

चौथी, आणि आपल्या हंगामी माणसांसाठी सगळ्यात कामाची. चाचणीचा युजर लॉगिन असताना ॲडमिनमधून त्याचं खातं बंद करा. मग त्याच्या खिडकीत जाऊन एखादी नोंद करून बघा. नोंद झाली तर लक्षात घ्या, दुपारी कामावरून काढलेला माणूस घरून मोबाइलवर संध्याकाळपर्यंत तुमच्या गठाणींचा साठा बघू शकतो, कदाचित बदलूही शकतो.

चारही निकाल वहीत तारखेसह लिहा, पडद्याचे फोटो काढा. मात्र ते फोटो वेंडरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी कुकीचा क्रमांक झाका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांना असाच फटका बसला. मदतीसाठी त्यांनी ब्राउझरच्या नोंदींच्या फाइल कंपनीकडे पाठवल्या होत्या, त्यात चालू सेशनचे टोकन होते, आणि त्या फाइल चोरांच्या हाती लागल्या.

पायरी ६: किती वेळ चालू ठेवायचं

कुणी हात लावला नाही तर किती वेळाने बाहेर काढायचं, आणि काम चालू असलं तरी किती तासांनी पुन्हा पासवर्ड मागायचा, हे दोन वेगळे आकडे आहेत. निस्टच्या २०१७ च्या आवृत्तीत मधल्या सुरक्षा पातळीला ३० मिनिटं आणि १२ तास धरले होते. माझा हिशेब जागेप्रमाणे: काट्यावर १० मिनिटं आणि परत यायला पिन, हिशेबाच्या टेबलावर ३० मिनिटं, आणि शिफ्टच्या लांबीपेक्षा मोठं सेशन कुणाचंच नको.

मुदत मोजायची तर घड्याळ लावूनच. वेंडरच्या माहितीपत्रकातला आकडा खरा धरू नका. पीएचपीत मूळ मुदत १४४० सेकंदांची, म्हणजे २४ मिनिटांची असते. पण जुनी सेशन्स झाडून काढणारं काम अधूनमधून, योगायोगाने चालतं, म्हणून सेशन त्याहून बराच वेळ टिकू शकतं. तासभर चहा-नाश्ता करून या आणि पान ताजं करून बघा.

‘ब्राउझर बंद केला म्हणजे लॉगआउट’ हा समजही तपासा. क्रोममध्ये ‘जिथे सोडलं तिथून सुरू करा’ हा पर्याय चालू असेल तर बंद करून उघडल्यावर सेशनच्या कुकीसुद्धा परत येतात. वीज जाते, यूपीएस दम टाकतो, संगणक पुन्हा चालू होतो आणि समोर बसेल त्याला कालच्या माणसाचं लॉगिन तयार मिळतं. सामाईक संगणकांवर तो पर्याय बंद करा.

सगळीकडे मुदत आवळली की माणसं वैतागतात आणि पळवाट काढतात. त्यापेक्षा पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलणं, वजन दुरुस्त करणं, नवा युजर उघडणं अशा चार-पाच कामांपुरता त्याच क्षणी पुन्हा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला जाईल असं करून घ्या. बाकी काम मग सुखाने चालू द्या.

पायरी ७: लॉगिनच्या मागचे हक्क

काट्याच्या युजरने लॉगिन करा आणि पत्त्याच्या पट्टीत ॲडमिनच्या पानाचा पत्ता थेट टाका. मेनूत नसलेलं पान अशा रीतीने उघडत असेल तर सॉफ्टवेअरने बटण तेवढं लपवलंय. पावतीच्या पत्त्यात शेवटी क्रमांक असेल तर एक आकडा पुढे-मागे करा. दुसऱ्या शाखेची पावती दिसता कामा नये. ओटीपीचंही इथेच उरकून घ्या: चार आकडी ओटीपीला दहा हजारच शक्यता असतात, म्हणून पाच चुकांनंतर तो रद्द व्हायला हवा, काही मिनिटांत शिळा व्हायला हवा आणि एकदा वापरलेला पुन्हा चालता कामा नये.

पायरी ८: वेंडरला पत्र आणि नोंदींची सोय

अमळनेरात १९४५ साली तेला-तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रो पुढे संगणकाच्या धंद्यात कुठल्या कुठे गेली. त्यामुळे गावातल्या छोट्या वेंडरला कमी लेखण्याचं कारण नाही. पण तोंडी बोलणं नको. निकाल ईमेलने पाठवा, प्रत्येक त्रुटीपुढे ती कशी दिसली ते लिहा आणि दुरुस्तीची तारीख मागा. लॉगआउटची आणि खातं बंद करण्याची त्रुटी आधी, बाकीच्या नंतर. वार्षिक देखभालीचा करार नव्याने करताना या चाचण्या त्यात घालून घेता आल्या तर उत्तम. पैसे द्यायच्या आधी ऐकलं जातं, नंतर कमी.

नोंदींबद्दल स्पष्ट मागणी करा: कोण, कधी, कुठल्या संगणकावरून आत आलं, बाहेर गेलं, कुणाचा पासवर्ड चुकला. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. त्याच निर्देशांत संगणकांची घड्याळं जुळवून ठेवायलाही सांगितलंय. बॅटरी गेल्यामुळे काट्याच्या संगणकाची तारीख मागे पडलेली असेल तर त्या नोंदींवरून काही सिद्ध होणार नाही.

संशय आला तर कुठल्या क्रमाने

मुनीमजी घरी असताना त्यांच्या नावाने नोंद दिसली, असं समजा. आधी त्या युजरची, आणि सोय असेल तर सगळ्यांचीच, चालू सेशन्स सर्व्हरवरून तोडा. सर्व्हर बंद-चालू केला की सेशन्स मरतील यावर विसंबू नका. ती डेटाबेसमध्ये साठवलेली असतील तर पुन्हा जिवंत होतात. ‘सगळ्यांना बाहेर काढा’ हे बटण आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे आहे, हे आजच शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग पासवर्ड बदला, तोही संशय नसलेल्या दुसऱ्या संगणकावरून. त्यानंतर कुणी नवा युजर उघडलाय का, कुणाचा मोबाइल क्रमांक किंवा पुरवठादाराचं बँक खातं बदललंय का, ते बघा. नोंदींची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढा आणि संशयित संगणक फॉरमॅट करायची घाई करू नका, पुरावा त्यातच असतो. पैसे गेले असतील तर ही सगळी यादी बाजूला ठेवून पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि दुसरा बँकेला करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात.

पायरी ५ च्या चार चाचण्या वेंडरने मोठं अपडेट टाकलं की पुन्हा करायच्या, आणि नसेल टाकलं तरी दरवर्षी हंगामाची माणसं घेण्याच्या आधी.